कोकणात चिऱ्या-मातीचा योगनिवास बांधायचाय? आधी पावसाळा समजून घ्या

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही जागा बघायला आलेला माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो. समुद्र दिसला पाहिजे आणि सगळं 'नॅचरल' पाहिजे. पहिल्या हट्टापायी जागा चुकते, आणि दुसऱ्याचा खर्च किती आणि कसला हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा), माती, बांबू, कौल हे सगळं इथे पिढ्यान्‌पिढ्या टिकलंय, पण ते दरवर्षी मे महिन्यात कुणीतरी छपरावर चढतं म्हणून. ज्याला वर्षाला एक शाकारणी, म्हणजे कौलं नीट बसवून छपराची डागडुजी, परवडत नाही त्याने सरळ स्लॅब टाकावा, त्यात कमीपणा नाही.

हा लेख दहा-बारा पाहुणे उतरतील अशा छोट्या योगनिवासाचा विचार करणाऱ्यांसाठी आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हा पट्टा डोळ्यांसमोर ठेवलाय. शंभर खोल्यांचं रिसॉर्ट काढायचं असेल तर यातलं फारसं उपयोगी पडणार नाही.

पायरी १ : जागा श्रावणात बघा, मग वैशाखात पुन्हा बघा

एजंट जागा दाखवतो जानेवारीत. तेव्हा कोकणातली कुठलीही जागा सुंदरच दिसते. तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये जा. व्हाळ (ओढा) कुठून वाहतो, पाणंदीतून गाडी कुठपर्यंत जाते, पावसाची झड कुठल्या अंगाने येते, शेजारच्या घरांच्या कुठल्या भिंतीवर शेवाळ चढलंय, हे बघा. जुन्या घराच्या जोत्यापाशी जरा वाका. पागोळ्या पडून उडालेल्या तांबड्या चिखलाचा पट्टा भिंतीवर किती वर आलाय ते टेपने मोजा. तुमचं जोतं त्या पट्ट्याच्या वर पाहिजे. हे एक माप महागड्या सर्वेक्षणापेक्षा जास्त शिकवतं.

मे महिन्यात परत जाऊन विहिरीत डोकावा. पाणी तळाला गेलंय का, शेजारी टँकर मागवतात का, किनाऱ्याजवळ कुणी बोअर मारली असेल तर तिला गोडं पाणी लागलं की खारं, हे तेव्हाच कळतं.

जुनी वाडी कुठे वसलीय तेही नीट पाहा. ती बहुधा पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, नसते आणि उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावरही नसते. ती माड-पोफळीच्या आगराच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला, वाऱ्याच्या आडोशाला असते. सड्याचा मोह पुष्कळांना पडतो, कारण तिथून समुद्र दिसतो आणि जमीन स्वस्त असते. पण सड्यावर माती नाही, सावली नाही, वारा अंगावर येतो आणि खड्डा घ्यायचा तर ब्रेकर लागतो. शिवाय रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पावसाळ्यात याच कातळावर रानफुलांचा गालिचा पसरतो. समुद्र बघायला पाहुणे दहा मिनिटं चालत जातील, त्यासाठी घर वाऱ्याच्या तोंडी द्यायचं कारण नाही.

पायरी २ : कागद

इथे थोडक्यात सांगतो, कारण हे काम चांगल्या वकिलाचं आहे. सातबारावर सहहिस्सेदार किती ते मोजा. कोकणात एका गुंठ्याला दहा नावं निघतात, त्यातली निम्मी मुंबईत असतात. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचं नाव किंवा वनाबद्दलचा शेरा आहे का ते वाचा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला सर्वसाधारणपणे तुम्ही शेतकरी असावं लागतं. वाट कुणाच्या जमिनीतून येते आणि ती कागदावर आहे की नुसती वहिवाटीची, हे सही करण्याआधी बघायचं.

किनाऱ्याजवळ सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, २०१९ची अधिसूचना लागू होते. ग्रामीण भागात २०११च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१पेक्षा जास्त वस्ती असेल तर उच्चतम भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि त्याहून विरळ गावांत २०० मीटर हा ना-विकास पट्टा आहे. बहुतेक गावं दुसऱ्या प्रकारात बसतात. खाडीकाठाला आणि कांदळवनाजवळ वेगळी अंतरं आहेत. 'बांबूची झोपडी आहे, तिला कोण विचारतंय' असं सांगणारा माणूस भेटेलच. त्याच्या भरवशावर राहू नका, परवानगी तिलाही लागते.

पायरी ३ : आधी साधनेची जागा आखा, खोल्या नंतर

हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात योग्याच्या मठीचं वर्णन आहे. दार लहान, भोकं-खड्डे नाहीत, फार उंच नाही की फार ठेंगणी नाही, शेणाने नीट सारवलेली, किडामुंगी नसलेली; बाहेर मांडव, ओटा, विहीर आणि भोवती कुंपण. कोकणातल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. खळं, खळ्यातला मांडव, बाव आणि भोवतीचा चिऱ्यांचा गडगा आपल्याकडे आहेतच. फक्त ती मठी एकट्याची आहे, तुमच्याकडे बाराजण येणार आहेत. त्यामुळे लहान दार आणि बंद भिंती सोडून द्या, बाकीचं घ्या.

आता मापं. मॅट साधारण सहा फूट बाय दोन फूट असते, पण हात पसरायचे तर माणशी साडेसात बाय चार, म्हणजे ३० चौरस फूट धरा. बारा जणांचे झाले ३६०. शिक्षकाची जागा, मागची मोकळी पट्टी आणि येण्याजाण्याची वाट धरून साडेपाचशेच्या आसपास जा. साधनेची ही शाळा, म्हणजे सरावाचं दालन, चौरस करू नका. बावीस-पंचवीस फुटांचा गाळा झाला की छपराला मोठी कैची (त्रिकोणी सांगाडा) लागते, किंवा मधोमध खांब येतो आणि कुणाचा तरी हात त्यावर आपटतो. त्यापेक्षा १६ फूट रुंद आणि ३४ फूट लांब अशी जागा आखा. रुंदीत चार मॅट, लांबीत तीन रांगा, पुढे शिक्षक. सोळा फुटांचा गाळा गावचा सुतार नेहमीच्या लाकडात पेलतो.

तोंड कुठे? पश्चिमेला नको. समुद्राकडे उघडी शाळा फोटोत छान दिसते, पण दुपारी तीननंतर ऊन थेट डोळ्यांत येतं आणि जूनमध्ये पाऊस थेट मॅटवर. लहानपणी भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. थंडीच्या दिवसांत पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारनंतर उलट. साधना पहाटेची असेल तर पूर्वेकडून वारा आत येऊ द्या आणि पश्चिमेला त्याला बाहेर पडायला खिडक्या ठेवा. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या अंगाला खोल पडवी द्या. ती भिंतीसाठी पावसाची ढाल होते, आणि संध्याकाळी पाहुणे आपोआप तिथेच जाऊन बसतात.

भिंतीला दोर लावून आसनं शिकवायची असतील तर ते आत्ताच ठरवा. चिऱ्यात नंतर ठोकलेला हूक माणसाचं वजन घेत नाही, भसाभसा माती गळते. बांधतानाच त्या उंचीला भिंतीत लाकडी पट्टा आरपार बोल्टने पक्का करून घ्या.

पायरी ४ : भिंती

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होतो. म्हणून चिरे आदल्या हंगामात घेऊन उघड्यावर रचून ठेवलेले बरे. गाडी उतरवून घेताना स्वतः उभे राहा. चिऱ्यावर हातोडीची मागची बाजू मारा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर बाजूला काढा. पांढुरक्या मातीच्या मोठ्या गाठी दिसल्या तर तो चिरा पायात किंवा बाहेरच्या भिंतीत नको, कारण पावसात ती गाठ धुऊन जाते आणि भोक राहतं. असे चिरे गडग्याला चालतात.

जोडणीला आणि दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, भरायला चुना वापरता आला तर उत्तम. चिरा पाणी पितो आणि सोडतो. कडक सिमेंटचा गिलावा त्याचा श्वास कोंडतो, मग आतून ओल येते आणि पापुद्रे सुटतात. बाहेरून चिरा उघडाच ठेवा, आतून चुन्याचा हात द्या. चुना पुरेसा विरवलेला हवा. घाईत भिजवलेला चुना भिंतीत गेल्यावर फुलतो आणि फोड येतात. चुन्यात काम केलेला गवंडी आता सहज मिळत नाही. मिळाला तर त्याच्या सवडीप्रमाणे तुमचं वेळापत्रक बदला.

खाडीची खारी वाळू बांधकामात घालू नका. भूकंपाच्या दृष्टीने जोत्याला आणि दारांच्या वरच्या पातळीला पट्टा किती आणि कशाचा द्यायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या. कोयनेचा १९६७चा धक्का इथल्या म्हाताऱ्यांच्या लक्षात आहे. 'नैसर्गिक' बांधायचं म्हणून इंजिनिअर टाळणारे लोक मला कधी कळले नाहीत.

राहायच्या खोल्यांना अर्धी भिंत चिऱ्याची आणि वर कूड चालतो. कारव्यांचा किंवा बांबूच्या कामट्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप. हलका, स्वस्त आणि थंड. पण त्याच्यावर पाऊस येता कामा नये. पावसाळ्यापूर्वी झावळ्यांच्या झडी बांधायची जुनी रीत आहे, ती पाळा.

पायरी ५ : छप्पर, इथे हात आखडू नका

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली भागात माड-पोफळी आडव्या झाल्या आणि पत्रे-कौलं उडाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' सिंधुदुर्ग-रत्नागिरीला घासून गेलं. त्यामुळे छप्पर पावसासाठी आणि वाऱ्यासाठी, दोन्हींसाठी आखायचं.

चौपाखी छप्पर करा. दोन पाख्यांच्या छपराची उघडी त्रिकोणी भिंत वारा अंगावर घेते, चौपाखीवर तो सरकून जातो. उतार तीस अंशांच्या आसपास ठेवा. त्याहून सपाट झालं तर झडीचं पाणी कौलांच्या सांध्यातून उलटं चढतं. पडवीचं छप्पर मुख्य छपराच्या वाशांना लांबवून काढू नका, वेगळं जोडा. वादळात आधी उचललं जातं ते पुढे आलेलं छप्पर. ते वेगळं असेल तर एकटंच जातं, घराची कौलं सोबत नेत नाही. वासे नुसते भिंतीवर टेकवायचे नाहीत. भिंतीवरची लाकडी पट्टी खालच्या बांधकामात बोल्टने जखडा आणि वासे त्या पट्टीला. किनाऱ्याच्या हवेत साधा खिळा दोन-तीन पावसांत गंजून फुगतो आणि लाकूड फाडतो. पितळ किंवा चांगलं स्टेनलेस स्टील वापरा, निदान सांध्यांना तरी.

मंगळुरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला. तेव्हापासून नळ्यांच्या कौलांची जागा त्याने हळूहळू घेतली. चौरस मीटरला पंधरा-सोळा कौलं लागतात. गावोगाव जुनी घरं पाडून स्लॅब टाकणं चाललंय, त्यांची कौलं आणि लाकूड विकायला निघतं. ते बघा. किंजळ, ऐन, फणस, साग असं चार पिढ्या सुकलेलं लाकूड नव्या ओल्या लाकडापेक्षा केव्हाही सरस. फक्त सुतारासोबत जा, सुरी टोचून वाळवी बघा आणि टोकं तपासा. भिंतीत गाडलेली टोकं आधी कुजतात.

खांब जमिनीत पुरू नका. काळ्या दगडाच्या उथळ्यावर (बैठकीवर) उभे करा, वाळवीला वर चढताना दिसू द्या. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची पद्धत इथे आहे. ते काळपट करतं आणि वास काही दिवस राहतो, पण किडीला चांगलं रोखतं. हाताला लागलं तर भाजतं, तेव्हा हातमोजे घाला.

झावळ्यांचं किंवा गवताचं छप्पर हवंच असेल तर खळ्यातल्या मांडवापुरतं ठेवा. दिवाळीनंतर घाला, मिरगाआधी काढा. कायमचं गवती छप्पर म्हणजे दरवर्षी नवं छप्पर, आणि आगीची भीती वेगळी.

पायरी ६ : बांबू

सिंधुदुर्गातला माणगा जातीचा बांबू या कामाला फार चांगला. जवळजवळ भरीव, काटे नाहीत, सरळ वाढतो. तीन-चार वर्षांची काठी कार्तिक ते माघ या काळात तोडा, कोवळी तोडली तर सुकताना सुरकुतते आणि किडा लागतो. अंधाऱ्या पक्षात तोडावा असं जुनी माणसं सांगतात, पाळलंत तर नुकसान काही नाही. पण नंतर बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवणं चुकवू नका. न मुरवलेल्या बांबूतून वर्षभरात पिवळी भुकटी गळायला लागते आणि ती नेमकी मॅटवर पडते. खाजगी जमिनीतला बांबू २०१७च्या दुरुस्तीनंतर वन कायद्याच्या व्याख्येत 'झाड' राहिलेला नाही, त्यामुळे तोड-वाहतूक सोपी झालीय. तरी दुसऱ्याच्या बेटातला घेताना पावती ठेवा. बांबू जाळ्यांना, पडद्यांना, पडवीला वापरा. उन्हापावसात उघडा टाकलात तर तो टिकणार नाही.

पायरी ७ : जमीन

मातीची जमीन करणं ही कला आहे. खडे वेचलेली तांबडी माती पसरायची, पाणी मारून मुरू द्यायची, मग रोज चोपण्याने चोपायची. भेगा पडतात, पुन्हा पाणी, पुन्हा चोपणं. भेगा यायच्या थांबल्या की शेणाचा पहिला हात. नंतर दर आठवड्याला सारवण. खोल्यांत आणि मांडवाखाली ती करा. अनवाणी पायांना तसा गारवा दुसरी कुठली जमीन देत नाही.

साधनेच्या शाळेत मात्र नको. पावसाळ्यात ती ओलसर राहते, मॅटच्या खालून बुरशी धरते आणि घामाने मऊ पडते. तिथे लाल कोबा घाला, त्याखाली ओल न चढू देणारा थर द्या आणि मॅटखाली चटई टाका. शाळेतला हा थोडा सिमेंट आणि न्हाणीघरातला थोडा सिमेंट यांची लाज वाटून घेऊ नका.

उशा, लोड, ब्लँकेटं यांना जुलैत बुरशी येतेच. जुन्या घरांत चुलीच्या वरचा माळा सर्वांत कोरडा असतो, म्हणून धान्य आणि लाकूड तिथे ठेवत. साधनांची खोली स्वयंपाकघराला लागून, चुलीच्या भिंतीपाठी आखा.

पायरी ८ : पाणी येणारं, पाणी जाणारं

शंभर चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस पडला तर तीन लाख लिटर पाणी होतं, आणि इथे तेवढा पाऊस पडतोच. बारा पाहुणे, चार काम करणारे, माणशी १३५ लिटर धरले तर रोज सव्वादोन हजारांच्या आत लागतात, मार्च ते मे मिळून दोन लाखांच्या आसपास. हिशोब कागदावर जमतो, पण दोन लाखांची टाकी बांधणं परवडत नाही. निम्मं पाणी टाकीत घ्या, बाकीचं गाळून विहिरीकडे सोडा. जांभ्यात पाणी पटकन मुरतं, आणि पटकन निघूनही जातं.

याच कारणाने शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही नको. निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. न्हाणीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून केळी-अळू आणि माडांना द्या. साबण कुठला वापरायचा ते पाहुण्यांना आधी कळवा.

पायरी ९ : अंधार, फुरसं आणि शिमगा

आवारात उंच दिवे नकोत. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि उजेडाने पिल्लं समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. पायवाटेला गुडघ्याच्या उंचीचे, खाली झुकलेले पिवळे दिवे पुरतात. पण वाट अंधारी ठेवू नका. गडग्याच्या फटीत फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं, आणि पाहुणे अनवाणी फिरायला आलेले असतात. घराला चिकटून दगडांचा ढीग नको, पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी गवत कापलेलं हवं. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात असतं हे भिंतीवर लिहून ठेवा.

वेळापत्रक गावाचं पाळावं लागतं. गणपतीत आणि शिमग्यात गवंडी, सुतार, स्वयंपाकीण, कुणीही येणार नाही, कितीही पैसे देऊ केले तरी. मौनशिबिर शिमग्यात ठेवलंत तर ढोलांशी भांडावं लागेल. त्या दिवसांत पाहुण्यांना पालखी बघायला न्यावं हे बरं. काम सुरू करण्याआधी गावकऱ्यांना विचारून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून घ्या. श्रद्धा असो-नसो, वाट, पाणी आणि मजूर या तिन्हींचं पुढे ज्यांच्याशी काम पडणार आहे ती माणसं त्या निमित्ताने एकदा भेटतात.

पायरी १० : पहिला पाऊस पाहुण्यांशिवाय

कार्तिकात पाया, माघापर्यंत भिंती, वैशाखाच्या मध्यापर्यंत कौलं चढलेली. त्यानंतर लगेच पाहुणे घेऊ नका, कितीही विचारणा आली तरी. एक पावसाळा घरात स्वतः राहा. २१ जूनला योग दिन येतो आणि तो इथे भर पावसात असतो. त्या दिवशी गावातल्या चारजणांना बोलवा, शाळेत मॅट पसरा आणि कुठे गळतंय, कुठून झड आत येतेय, कुठली मॅट ओली होतेय ते बघा. जिथे थेंब पडतो तिथे जमिनीवर गेरूने फुली मारा, तारीख लिहा, वारा कुठून होता तेही लिहा. नवरात्रानंतर शाकारणारा आला की त्याला या फुल्या दाखवा. तो वर जाऊन नेमकं ते कौल काढेल. पश्चिमेच्या पडवीपाशी फुल्या जास्त असतील तर पडवी आणखी दोन फूट पुढे घ्या. त्यानंतर आठ पाहुण्यांपासून सुरुवात करा, आणि पुढच्या मे महिन्यातल्या शाकारणीचे पैसे पहिल्याच शिबिराच्या उत्पन्नातून बाजूला काढा.